जामीन कोण राहणार? युक्रेनच्या तहात युरोपची खुर्ची

नोव्हेंबर २०२५ मध्ये युक्रेनचं युद्ध थांबवण्यासाठीचा अमेरिकेचा २८ कलमी मसुदा फुटला. तो घडवणारे मुख्यतः दोघे. एक अध्यक्ष ट्रम्प यांचे दूत स्टीव्ह विटकॉफ, मूळचे न्यूयॉर्कचे बांधकाम व्यावसायिक. दुसरे रशियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचे प्रमुख किरिल दिमित्रियेव. मसुद्यातही जमीन आणि पैसा हेच विषय ठळक होते, हे ओघानंच आलं. त्यातलं एक कलम असं: रशियाच्या गोठवलेल्या पैशातले १०० अब्ज डॉलर अमेरिकेच्या देखरेखीखाली युक्रेनच्या उभारणीत गुंतवायचे, त्यावरचा अर्धा नफा अमेरिकेला, आणि युरोपने स्वतःच्या खिशातून आणखी १०० अब्ज डॉलर घालायचे.

गंमत अशी की हा गोठवलेला पैसा अमेरिकेत जवळपास नाहीच. त्यातला बहुतेक युरोपात आहे, आणि त्यातलाही मोठा वाटा एकट्या ब्रसेल्समध्ये. लग्नाच्या याद्या करायला मुलाकडचे आणि मध्यस्थ एवढेच बसले, मुलीकडच्यांना बोलावलंच नाही, आणि मांडवाचा खर्च शेजाऱ्याच्या नावावर लिहून टाकला, तसा हा प्रकार. शेजाऱ्याला तो वर्तमानपत्रातून कळला.

हा शेजारी म्हणजे युरोप. २०२५ पासून त्याची धडपड एकाच गोष्टीसाठी चालली आहे, याद्या जिथे होतात त्या खोलीत बसायला मिळावं म्हणून. ही खुर्ची कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि का, हे समजलं की रोजच्या बातम्यांमधला बराच गोंधळ कमी होतो.

नळाला पाणी कधी येईल?

अमेरिकेने युक्रेनला वाऱ्यावर सोडलं, असं सरसकट म्हणणं चुकीचं आहे. एकदाचं सोडलं असतं तर निदान हिशेब मांडता आला असता. अडचण वेगळी आहे. नळाला पाणी येतं, पण कधी येईल ते सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर ट्रम्प आणि उपाध्यक्ष व्हान्स यांनी झेलेन्स्कींना झापलं, ते दृश्य बहुतेकांनी पाहिलं असेल. त्यानंतरच्या सोमवारी, ३ मार्चला, शस्त्रांचा पुरवठा थांबला. ५ मार्चला गुप्त माहिती देणंही थांबलं. ११ मार्चला जेद्दाहच्या बैठकीत युक्रेनने ३० दिवसांच्या युद्धबंदीला होकार दिला आणि दोन्ही पुन्हा सुरू झालं. जुलैमध्ये पुन्हा काही क्षेपणास्त्रांची खेप अडली, आणि आठवड्याभरात सुटली.

यातला गुप्त माहितीचा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण तो पैशाने लगेच विकत मिळत नाही. रशियाने क्षेपणास्त्र डागलं की ते आधी अमेरिकेच्या उपग्रहांना दिसतं. तो इशारा वेळेत मिळाला तर कीव्हमधली माणसं तळघरात पोहोचतात आणि हवाई संरक्षणाला तयारीला काही मिनिटं मिळतात. शत्रूचं दारूगोळ्याचं कोठार कुठे हललं, हेही तिथूनच कळतं. मार्चमधल्या त्या आठवड्यात रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरलेल्या युक्रेनच्या सैन्याला मागे हटावं लागलं. सगळं खापर त्या थांबलेल्या माहितीवर फोडता येणार नाही, तिथली रसद आधीच तुटत आली होती. पण युरोपच्या राजधान्यांमध्ये जो धडा घ्यायचा तो घेतला गेला. तोफा आपण देऊ, पैसे देऊ, पण हे डोळे कुठून आणायचे?

‘युरोपची घटका’ आधीही आली होती

युरोपवाले आता जागे झाले, असं म्हणणाऱ्यांनी १९९१ आठवावं. युगोस्लाव्हिया फुटायला लागला तेव्हा लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जाक पोस यांनी जाहीर केलं होतं की ही घटका युरोपची आहे, अमेरिकेची नाही. पुढची चार वर्षं युरोपने दूत पाठवले, नकाशे काढले, शस्त्रसंध्या घडवल्या आणि त्या मोडताना पाहिल्या. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा इथे, संयुक्त राष्ट्रांच्या डच सैनिकांचा तळ असलेल्या ‘सुरक्षित क्षेत्रात’, सुमारे ८,००० बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. अखेर तह झाला तो नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन इथल्या हवाई तळावर. औपचारिक सह्या तेवढ्या पॅरिसमध्ये झाल्या.

दुसरा दाखला युक्रेनचाच. फेब्रुवारी २०१५ मध्ये मिन्स्कला जर्मनीच्या मर्केल आणि फ्रान्सचे ओलांद यांनी पुतिन आणि तेव्हाचे युक्रेनचे अध्यक्ष पोरोशेन्को यांना समोर बसवून रात्रभर वाटाघाटी केल्या. अमेरिका त्या खोलीत नव्हतीच. म्हणजे युरोपला शिष्टाई जमत नाही असं नाही. पण त्या कराराची अंमलबजावणी बघायला होते ते निःशस्त्र निरीक्षक. करार मोडला तर मोडणाऱ्याचं काय वाकडं होणार, याचं उत्तर कागदावर कुठेच नव्हतं.

एक फसलेली धमकी

१० मे २०२५ ला ब्रिटनचे स्टार्मर, फ्रान्सचे माक्राँ, जर्मनीचे मेर्त्स आणि पोलंडचे टुस्क एकाच दिवशी कीव्हला पोहोचले. पोलंडहून रात्रीची रेल्वे पकडून. मेर्त्स यांना चॅन्सेलर होऊन चारच दिवस झाले होते. या चौघांनी झेलेन्स्कींसोबत बसून ट्रम्पना फोन लावला आणि मग जाहीर केलं, सोमवारपासून ३० दिवस बिनशर्त युद्धबंदी, नाहीतर रशियावर जबर निर्बंध.

त्याच रात्री उशिरा पुतिन पत्रकारांसमोर आले. बिनशर्त युद्धबंदीला होकार न देता त्यांनी इस्तंबूलमध्ये थेट चर्चेचा प्रस्ताव ठेवला. दुसऱ्या दिवशी ट्रम्पनी झेलेन्स्कींना सांगितलं, ताबडतोब जा. झेलेन्स्की तुर्कस्तानला गेले, पुतिन आलेच नाहीत. सोमवार उलटून गेला. युरोपने नंतर निर्बंधांचं एक पॅकेज काढलं, पण ते आधीपासून तयार होत असलेलं होतं. ज्या जबर निर्बंधांचा दम दिला होता त्यांचं ओझं अमेरिकेने उचलायचं होतं, आणि अमेरिकेने मानच हलवली नाही.

माझ्या मते हा प्रसंग अख्ख्या वर्षाची किल्ली आहे. दुसऱ्याच्या लाठीवर दिलेला दम समोरच्याला लगेच ओळखू येतो. पुतिन तर गुप्तहेर खात्यात वाढलेले गृहस्थ.

त्यानंतर युरोपची पद्धत बदलली. रशियाला दम देण्याऐवजी वॉशिंग्टनला सांभाळण्यावर भर आला. १५ ऑगस्टला ट्रम्प आणि पुतिन अलास्कात भेटले, आणि १८ तारखेला झेलेन्स्की व्हाइट हाउसला निघाले तेव्हा त्यांच्या पाठोपाठ सात जण गेले: स्टार्मर, माक्राँ, मेर्त्स, इटलीच्या मेलोनी, फिनलंडचे स्टुब, युरोपीय आयोगाच्या (युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाच्या) उर्सुला फॉन डेर लायन आणि नाटोचे मार्क रुटे. एकट्याला पुन्हा झापून घ्यायला पाठवायचं नाही, हा साधा हेतू. सातांत स्टुब कशाला, लहानशा देशाचे? एक तर फिनलंडची रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे. आणि दुसरं, मार्चमध्ये ते ट्रम्पबरोबर गोल्फ खेळले होते. राजनीतीच्या पाठ्यपुस्तकात गोल्फचा धडा नसतो, पण या काळात तो घालायला हरकत नाही.

पैशाची तऱ्हाही बदलली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर केले होते. त्या आकाराचं काही पुन्हा आलं नाही. जुलै २०२५ पासून नवी व्यवस्था आहे: शस्त्रं अमेरिकेची, बिल युरोपचं, वापर युक्रेनचा. साधारण ५० कोटी डॉलरची एकेक खेप बांधली जाते. पहिलीचे पैसे नेदरलँड्सने भरले, पुढचीचे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनने मिळून. ट्रम्प यांना हा धंदा म्हणून पटतो, आणि युरोपला अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रांच्या तोडीचं पुरेसं काही स्वतःकडे नसल्याने पर्याय नाही.

खरा हुकूम ब्रसेल्समध्ये आहे

आता सुरुवातीच्या त्या पैशाकडे येऊ. हा भाग किचकट आहे, पण सगळ्यात महत्त्वाचाही हाच.

आपले शेअर आणि रोखे डिमॅट स्वरूपात सांभाळणाऱ्या एनएसडीएल, सीडीएसएल या मुंबईतल्या संस्था ठाऊक असतील. ब्रसेल्समधली युरोक्लियर ही ढोबळ मानाने त्याच जातीची, फक्त पसारा जगभराचा. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने आपली गंगाजळी युरोपीय सरकारांच्या रोख्यांत गुंतवली होती आणि ते रोखे युरोक्लियरकडे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि सगळं गोठलं. युरोपीय संघात एकूण सुमारे २१० अब्ज युरो, त्यातले १८० अब्जांहून जास्त एकट्या युरोक्लियरकडे. पुढे रोख्यांची मुदत भरत गेली, मुद्दल रोख होत गेलं, पण निर्बंधांमुळे मॉस्कोला धाडता येईना. मग ती रोकड तिथेच पडून व्याज कमवू लागली. २०२४ मध्ये जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाने या व्याजाच्या भरवशावर युक्रेनला ५० अब्ज डॉलरचं कर्ज द्यायचं ठरवलं. व्याज खाल्लं, मुद्दलाला हात लावला नाही.

मेर्त्स आणि आयोगाचं म्हणणं पडलं की आता मुद्दल वापरू. जप्त करायचं नाही, म्हणजे ‘जप्ती’ हा शब्द वापरायचा नाही. त्या रोकडीच्या आधारावर युक्रेनला कर्ज द्यायचं, आणि रशियाने युद्धाची नुकसानभरपाई दिली तरच युक्रेनने ते फेडायचं. रशिया भरपाई देईल तेव्हा देईल.

आडवा आला बेल्जियम. पंतप्रधान बार्ट डी वेव्हर यांचा मुद्दा कोणाही जामीनदाराला कळेल असा होता. पतसंस्थेतून कर्ज काढणारा एक, चैन करणारा दुसरा, आणि हप्ता थकला की नोटीस जामीनदाराच्या दारात. उद्या एखाद्या न्यायालयाने पैसे परत करायला सांगितले तर ते आमच्या भूमीवरच्या संस्थेला द्यावे लागतील, तेव्हा बाकीचे २६ देश कुठे असतील? रशियाशी १९८९ पासूनचा गुंतवणूक संरक्षण करारही आहे. हमी द्यायची तर अमर्याद द्या, असा त्यांचा हट्ट. दरम्यान रशियाच्या मध्यवर्ती बँकेने मॉस्कोत युरोक्लियरवर दावा ठोकलाच.

१८ डिसेंबर २०२५ ला शिखर परिषद बसली ती १९ च्या पहाटेपर्यंत. अध्यक्षस्थानी होते युरोपीय परिषदेचे आंतोनियु कोश्ता. हे मूळचे आपल्या गोव्याचे, वडिलांचं घराणं मडगावचं, घरातलं लाडकं नाव ‘बाबुश’. जानेवारी २०२६ मध्ये दिल्लीला आले तेव्हा त्यांनी भर कार्यक्रमात आपलं ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढून दाखवलं होतं. तर या बाबुशनी पहाटे तोडगा जाहीर केला. रशियाच्या मुद्दलाला तूर्त हात नाही, संघाने बाजारातून सामाईक कर्ज उचलायचं आणि २०२६ व २०२७ साठी युक्रेनला ९० अब्ज युरो बिनव्याजी द्यायचे. हंगेरी, स्लोव्हाकिया आणि चेकिया या तिघांवर बोजा नाही.

बऱ्याच ठिकाणी ही माघार म्हणून रंगवली गेली. मेर्त्स यांचा बेत फसला हे खरंच. पण खरी चाल त्याच्या सहा दिवस आधी, १२ डिसेंबरला, झाली होती आणि तिच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. तोवर हे निर्बंध दर सहा महिन्यांनी एकमताने वाढवावे लागत. एका देशाने हात वर केला नाही की २१० अब्ज मोकळे. म्हणजे हा पैसा सोडवायचा तर २७ जणांना वळवायची गरज नव्हती, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्याशी जुळवून घेतलं तरी पुरे होतं, आणि ते ट्रम्प आणि पुतिन दोघांचेही स्नेही. १२ तारखेला संघाने आपल्या करारातलं आर्थिक आणीबाणीसाठीचं कलम १२२ पुढे केलं. त्याला विशेष बहुमत पुरतं. पैसा बेमुदत गोठला, सहामाही नूतनीकरण संपलं.

ज्याच्या हाती ससा तो पारधी. २८ कलमांत अमेरिकेने त्या पैशाचे वाटे कितीही पाडले असोत, कुलूप ब्रसेल्सचं आहे आणि आता किल्लीही.

पडद्याबाहेरची कॉफी

एकमताचं हे दुखणं जुनं आहे, आणि युरोपीय संघ स्वतः पुढारीपण का करू शकत नाही याचं उत्तरही त्यातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही यावर ओर्बान अडून बसले होते. तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर शोल्झ यांनी सुचवलं, तुम्ही जरा कॉफी घेऊन या. ओर्बान बाहेर गेले आणि २६ जणांनी ठराव केला. कॉफी दरवेळी चालत नाही. म्हणून २ मार्च २०२५ ला लंडनमध्ये ‘इच्छुकांची आघाडी’ उभी राहिली. तिला घटना नाही, नकाराधिकार नाही, ज्याला यायचं तो येतो. संघाबाहेर पडलेला ब्रिटन तिच्यात पुढे आहे. (याच ब्रिटनची युरोपच्या १५० अब्ज युरोंच्या शस्त्रखरेदी निधीत शिरण्याची बोलणी नोव्हेंबरमध्ये वर्गणीच्या रकमेवरून फिसकटली. युद्ध दारात असलं तरी हिशेब तो हिशेब.)

या आघाडीचं काम एका शब्दात सांगायचं तर जामीन राहणं. युक्रेनचा अनुभव असा की लेखी आश्वासनं बुडतात. १९९४ च्या बुडापेस्ट करारात त्याने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी सीमांचा आदर करण्याचा शब्द दिला. शब्द देणाऱ्यांपैकी एकानेच २०१४ मध्ये क्रिमिया घेतला. त्यामुळे झेलेन्स्की म्हणतात, कागद नको, माणसं पाठवा.

सप्टेंबर २०२५ मध्ये २६ देशांनी युद्धबंदीनंतर या ना त्या प्रकारे वाटा उचलू असं सांगितलं. ‘या ना त्या प्रकारे’ हे शब्द महत्त्वाचे. पोलंड आणि इटली आपले सैनिक युक्रेनच्या भूमीवर पाठवणार नाहीत, रसद आणि बाकी मदत देतील. ६ जानेवारी २०२६ ला पॅरिसमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि युक्रेनने सैन्य तैनात करण्याच्या इराद्यावर सह्या केल्या. तिथे विटकॉफ आणि ट्रम्प यांचे जावई जॅरेड कुशनर हजर होते, आणि युद्धबंदीवर देखरेख अमेरिकेच्या नेतृत्वाखाली होईल असं ठरलं. म्हणजे फिरून तेच, डोळे अमेरिकेचे. पुतिन यांनी तर सप्टेंबरमध्येच सांगून ठेवलं होतं की युक्रेनमध्ये परदेशी सैन्य आलं तर ते आमचं रास्त लक्ष्य. जामीनदाराला आत शिरायचं तर ज्याच्याविरुद्ध जामीन राहायचं त्याचीच परवानगी लागते, असा हा पेच आहे.

आणि पॅरिसच्या सह्या वाळतात न वाळतात तोच, ११ दिवसांनी, ट्रम्प यांनी ग्रीनलंडच्या वादात आठ युरोपीय देशांवर १० टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली. त्यांत ब्रिटन आणि फ्रान्स होतेच, गोल्फवाल्या स्टुब यांचं फिनलंडही होतं. दावोसमध्ये चार दिवसांनी ती मागे घेतली. जिच्या भरवशावर जामीन राहायचं ती अमेरिका ही.

२८ कलमी मसुद्याचं पुढे काय झालं? युरोपीय नेते तेव्हा जोहान्सबर्गला जी-२० साठी जमले होते. त्यांनी मसुदा फेटाळला नाही. पाया म्हणून ठीक आहे, आणखी काम लागेल, असं गोड निवेदन काढलं आणि दुसऱ्या दिवशी जिनिव्हात आपले सल्लागार बसवून खोडायला सुरुवात केली. युक्रेनच्या सैन्याची कमाल मर्यादा ६ लाखांवरून ८ लाख झाली. कलमं २० वर आली. गोठवलेल्या पैशावरचा अमेरिकेचा अर्धा नफा गळाला. शिष्टाई म्हणजे बरेचदा दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिल चालवणंच असतं.

एवढं होऊनही २०२६ च्या सुरुवातीपर्यंत युरोप मॉस्कोशी मात्र फारसा थेट बोलत नव्हता. माक्राँ यांनी जुलै २०२५ मध्ये पुतिन यांना फोन केला, तो जवळपास तीन वर्षांनी पहिला. डिसेंबरच्या त्या पहाटेनंतर ते म्हणाले की पुन्हा बोलायला लागणं युरोपच्या हिताचं आहे. जानेवारीत मेलोनींनी दुजोरा दिला आणि युरोपने एक विशेष दूत नेमावा असं सुचवलं, नाहीतर जो तो आपापला बोलेल. दूत कोण, यावर घोडं अडलं. नियमाने हे काम संघाच्या परराष्ट्र धोरणप्रमुखांचं. त्या पदावर काया कालास आहेत, एस्टोनियाच्या माजी पंतप्रधान. पंतप्रधान असतानाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रशियाच्या गृहमंत्रालयाने त्यांचं नाव ‘पाहिजे असलेल्या’ गुन्हेगारांच्या यादीत टाकलं आहे.